पांढरीवरचा दिवा

येळवस आली की आमच्या घरात आदल्या रात्रीपासून आंबिलाचा आंबूस वास सुटतो. आपल्या भागातल्या वाचकाला येळवस म्हणजे काय ते सांगायला नको. ज्वारी पोटऱ्यात आणि हरभरा फुलावर असताना येणारी ती अमावास्या. कन्नड बोलणारे शेजारी तिला एळ्ळ अमावास्या म्हणतात आणि भज्जी मात्र तीच खातात. कडब्याची खोप, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच पांडवांचे दगड, बाजरीचे उंडे, भज्जी आणि आंबिलाचे मडके. त्या दिवशी गावात कुलपे आणि रानात माणसे असतात.

आमच्या आजीचा एक नियम होता. खोपीतल्या लक्ष्मीला नैवेद्य दाखवून झाला, की पंगत बसण्याआधी ती तांब्यात आंबिल आणि पळसाच्या पानावर दोन उंडे घ्यायची, पदराआड एक पणती धरायची आणि मला म्हणायची, "चल रे, आधी पांढरीवर देऊन येऊ. त्यांची बी येळवस हाय."

"त्यांची म्हणजे कुणाची?" मी विचारायचो.

"गावाची." एवढेच उत्तर.

आमचे गाव तर मागे दीड कोसावर राहिलेले असायचे. समोर होते ते एक लांबट टेकाड. भोवती काळेभोर रान आणि मध्येच राखाडी-पांढऱ्या मातीचा पुरुष-दीड पुरुष उंचीचा उंचवटा. वर बाभळी, एक जुनी चिंच, आणि पश्चिमेच्या टोकाला बिनछपराच्या चार भिंतींत शेंदूर लावलेला मारुती. आजी त्याच्यापुढे पणती लावायची, आंबिल शिंपडायची आणि हात जोडायची. एवढे झाल्यावरच आमच्या पोटात घास जायचा. या पांढरीचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

मोठेपणी एकदा जमिनीच्या कामासाठी तहसीलमध्ये जाणे झाले. तिथे गावांच्या यादीत आमच्या गावाच्या खालीच त्या पांढरीचे नाव दिसले. त्याला वेगळा शिवार, वेगळे सर्व्हे नंबर, आणि पुढे एकच शब्द होता : बेचिराख. आपण हा शब्द जळून राख झालेल्या गोष्टीसाठी वापरतो. पण मुळात तो फारसी आहे. बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा नाही ते. आपल्या निजामी मुलखात दप्तराची भाषा आधी फारसी आणि मग उर्दू होती, त्यामुळे हा शब्द महसुलात रुजला आणि राज्ये बदलली तरी टिकला. १९४८ साली निजाम गेला. १९५६ साली बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले : उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे, जहिराबाद, नारायणखेड पलीकडे, आणि आपण इकडे. तरी ओसाड गाव ते बेचिराखच राहिले. जनगणनेच्या गावयादीतही अशी वस्ती नसलेली गावे असतात. माणूस एक नाही, पण यादीतली जागा शाबूत.

तो शब्द वाचला आणि पहिल्यांदा आजीची पणती डोळ्यांपुढे आली. सरकार ज्या गावाला दिवा नसलेले गाव म्हणते, तिथे आमची आजी वर्षातून एकदा दिवा लावत होती. तिला अक्षर येत नव्हते. फारसी तर दूरच.

काळी आणि पांढरी हे आपल्याकडचे फार जुने शब्द. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे राहायची. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'मध्येही ही जोडी भेटते. यात नुसता रंगाचा भेद नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर भिंत उभी केली तर चार वर्षांत तडा जातो. म्हणून वस्तीला जागा हवी ती पांढऱ्या, टणक मातीची. आणि एकदा वस्ती झाली की ती जागा आणखी पांढरी होत जाते. मातीची भिंत पडते, तिच्यावरच नवी उठते. चुलीची राख, शेण, चुना, हाडे, भुसा सगळे तिथेच मुरते. असे शेकडो वर्षे चालले की जमीन वर येते. पांढर म्हणजे काही निसर्गाची टेकडी नव्हे. ती घरांवर घरे, चुलींवर चुली रचून झालेली असते. कन्नडमध्ये अशा जागेला हाळूर म्हणतात, म्हणजे ओसाड पडलेला ऊर, ओसाड गाव.

आमच्या आबांना ती पांढर वाचता यायची. पावसाळा संपला की ते मला घेऊन वर चढायचे. "इथं बघ, चालताना पाय खाली जातो की नाही? ही गल्ली." खरेच, दोन उंचवट्यांमधून एक खोलगट पट्टा मारुतीपासून खाली ओढ्याकडे जात असे. गाड्या, गुरे, पाणी आणणाऱ्या बाया यांनी शेकडो वर्षांत झिजवलेली ती वाट. दोन्ही बाजूंना थोडे उंच चौकोन होते, ती घरे. एका चौकोनावर गवत नेहमी अधिक हिरवे असायचे. आबा म्हणायचे, तिथे गोठा असणार. पायांखाली खापऱ्या, काचेच्या बांगड्यांचे निळे-हिरवे तुकडे. मारुतीच्या भिंतीला टेकून एक वीरगळ : खाली लढाई, मध्ये अप्सरा घेऊन निघालेला वीर, वर शिवलिंगाची पूजा. गावासाठी किंवा गावच्या गुरांसाठी पडलेल्या माणसाचा तो दगड. त्याचे नाव गेले, गावही गेले, आणि तो मात्र हातातली तलवार सोडायला तयार नाही.

मला सर्वांत गूढ वाटायचे ते गोल खड्ड्यांचे. आबा म्हणाले, ती पेवे. कन्नडमध्ये हगेव. पांढरीची जमीन कोरडी असते म्हणून ज्वारी साठवायला तिच्यातच मडक्याच्या आकाराचे पेव खणत, आतून कडबा लावत आणि तोंड मातीने लिंपून टाकत. दुष्काळासाठीची ती ठेव. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, कारण बंद धान्यात विषारी हवा कोंडलेली असते. आधी कंदील दोराने खाली सोडायचा. तो जळत राहिला तर माणसाने उतरायचे, विझला तर थांबायचे. आबांनी हे सांगितले तेव्हा त्यांच्या लहानपणीची आठवण त्यांच्या डोळ्यांत होती. आमच्या गावात तोवर पेवे चालू होती.

अशी भरल्या पेवांची गावे ओस का पडली? म्हातारी माणसे एकच कारण सांगतात : "मरी आली." खरी कारणे बहुधा एकात एक गुंतलेली असत. १३९६ पासून बारा वर्षे चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ दख्खनच्या आठवणीत आहे. १६३०-३२ चा दुष्काळ आणि १८७६-७८ चा तर लेखी आहे. १६५७ साली औरंगजेबाने बीदर आणि कल्याणी घेतली, तेव्हा ज्या गावांच्या शिवारातून फौजा गेल्या त्यांची ज्वारी कुणाच्या घोड्यांनी खाल्ली असेल ते सांगायला नको. पटकीची साथ, आटलेली विहीर, न झेपणारा सारा, लुटारूंच्या धाडी. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे रयतेला खुली केली आणि बीदरच्या पातशहाकडे पैसे भरायला विठ्ठल विठू महार होऊन आला. भक्ताची ती कथा खरी, पण तिच्या मागे उपाशी गावे उभी आहेत. जिथे दामाजी नव्हता तिथले काय झाले, ते या पांढरी सांगतात.

राजांच्या ओसाड नगरांचे तसे नसते. कलबुर्गीच्या दक्षिणेला भीमेच्या काठी फिरोजशहा बहमनीने १४०० च्या सुमारास फिरोजाबाद वसवले आणि तेही पुढे ओस पडले. पण त्याची मशीद, तट, वाडे दगडी. म्हणून त्याच्यावर पुस्तक निघाले, नकाशे झाले. रयतेच्या गावाला दगड परवडला नाही. त्याचा सगळा इतिहास मातीत आहे, आणि माती ट्रॉलीत भरता येते.

आपल्या पिढीनेही एक बेचिराख पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्याकडेही भांडी वाजवून गेली होती. किल्लारीकडची बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली आणि जुन्या गावांच्या जागी दगडमातीचे ढिगारे उरले. काही महिन्यांनी आबांना घेऊन मी तिकडच्या एका नातलगाकडे गेलो होतो. जुन्या गावातून चालताना आबा एकदम थांबले आणि म्हणाले, "आपली पांढर आदुगर अशीच दिसली असंल." त्या दिवसापर्यंत पांढर म्हणजे माझ्यासाठी जुन्या काळातली मौज होती. पुढे ती तशी राहिली नाही.

आता २०१६ च्या उन्हाळ्याकडे येतो. लातूरला रेल्वेने पाणी आले तो उन्हाळा. त्याआधीची दोन वर्षे आमच्याकडेही काही पिकले नव्हते. आबा जाऊन बराच काळ झाला होता, वाटण्या झाल्या होत्या आणि पांढरीला लागून असलेले रान चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या वाट्याला आले होते. पांढरीचा पूर्वेकडचा तुकडा त्याच्याच नंबरात येत होता. दादाच्या मुलीचे लग्न ठरले होते. माती पुरवणारा एक ठेकेदार आला आणि ट्रॉलीला चारशे रुपये देतो म्हणाला. अर्धी माती रानात टाकायला खत म्हणून, अर्धी भरावाला.

मला शहरात फोन आला तो वहिनीचा. मी गाडी काढून गेलो आणि दादापुढे तासभर बोललो. तेरचे सांगितले : तिथल्या पांढरी लोक खतासाठी खणत, मातीबरोबर जुन्या वस्तू निघत, त्या रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्याने आयुष्यभर गोळा केल्या आणि आज तेरला त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय उभे आहे. इंग्लंडचेही सांगितले. यॉर्कशायरमध्ये व्हॅरम पर्सी नावाचे एक मध्ययुगीन ओसाड गाव आहे. एक पडके चर्च सोडले तर तिथे नुसते गवताळ उंचवटे आणि खोलगट वाटा, अगदी आपल्या पांढरीसारख्या. मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांनी १९५० पासून १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात तिथे खोदकाम केले, तेही चमच्याने माती काढावी तसे. लोक समजत होते की प्लेगने गाव संपले. निघाले असे की प्लेगनंतरही गाव नांदत होते, पुढे १५०० च्या सुमारास जमीनदाराने मेंढ्यांच्या कुरणासाठी शेवटची कुटुंबे उठवली. हे कळले कशाने? मातीचे थर जागच्या जागी होते म्हणून. एकदा माती हलली की खापरी उरते, पण ती कुणाच्या आधीची नि कुणाच्या नंतरची हे कायमचे जाते.

दादाने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "तुझं खरं हाय. पण तुझी पांढर पुस्तकातली, माझी पहाणीतली. आपल्या घराच्या माळवदावर माती कुठली हाय? आबाच आणायचे ना गाडी भरून?"

मी गप्प झालो. ते खरेच होते. माळवदावर पांढरीची माती टाकली की ती पावसात चिकणासारखी बसते, गळत नाही. दर तीन-चार वर्षांनी उन्हाळ्यात आबा दोन गाड्या माती आणत. आमच्या डोक्यावरचे छप्परच त्या गावाचे होते. बैलगाडी आणि जेसीबी यांत फरक आहे, आणि तो मोठा आहे, हे मी म्हणू शकलो असतो. पण ज्याच्या लेकीचे लग्न महिन्यावर आहे त्याला हा फरक सांगणारा मी कोण? मला शेतीवर जगायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. दोन दिवस चालला. पूर्वेची बाजू घास घेतल्यासारखी कापली गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी ड्रायव्हरसाठी चहा घेऊन गेली होती, मी मागे होतो. बकेटमधून मातीबरोबर एक गोल दगड घरंगळत आला. जात्याची तळी. मधल्या खुंट्याचे भोक स्पष्ट, दळून दळून गुळगुळीत झालेली. आणि जिथून तो आला तिथे कापलेल्या कडेत एक सारवलेली जमीन दिसत होती, बोटभर जाडीची, आणि तिच्यावर काळाठिक्कर अर्धगोल. चूल होती ती. आत राख तशीच.

वहिनीने चहाची किटली खाली ठेवली. त्या तळीवरची माती पदराने पुसली आणि तिथेच बसली. दादा धावत आला. ती त्याला म्हणाली, "हे कुणाचं तरी माजघर हाय. दुसऱ्याचं माजघर इकून आपल्या लेकीला हळद लावायची व्हय?"

दादा काही बोलला नाही. त्याने ड्रायव्हरला हात केला आणि यंत्र बंद झाले. त्या शांततेत मला माझ्या तासाभराच्या भाषणाची किंमत कळली. व्हॅरम पर्सी सांगायला मी साठ किलोमीटर गेलो होतो आणि जाताना खिशात काही घेऊन गेलो नव्हतो. त्या संध्याकाळी दादाशी बोलून मी बँकेतली एक ठेव मोडायचे ठरवले. उपकार म्हणून नव्हे. पांढर माझीही म्हणत होतो, तर तिचा भार एकट्या दादाच्या पहाणीवर का? ठेकेदाराचा आगाऊ पैसा परत केला. लग्न जरा साधे झाले, पण झाले.

त्या पावसाळ्यात कापलेली कड धुऊन निघाली आणि आत काय होते ते उघडे पडले. पांढरा पट्टा, मग काळसर राखेचा, मग सारवणाची बारीक रेघ, पुन्हा पांढरा. मी मोजल्या तेव्हा सारवणाच्या रेघा पाच भरल्या. एका घराच्या जागी पाच वेळा जमीन सारवली गेली होती आणि पाच वेळा वरून माती पडली होती. दोन रेघांच्या मधला एक पट्टा हातभर जाड, नुसत्या पडलेल्या भिंतींचा. म्हणजे मध्ये कधीतरी ते घर पडून राहिले आणि लोक पुन्हा आले. जुन्या कागदांत ओस पडलेली गावे परत वसवण्यासाठी दिलेले कौल सापडतात; सुरुवातीला सारा थोडा, मग वर्षागणिक वाढता, असा करार असे. आमच्या पांढरीचा कौल कुठल्या दप्तरात असेल तर असेल. मला तो त्या मातीच्या भिंतीत दिसला. जी बाजू ट्रॉलीतून गेली, तिथे अशा किती रेघा होत्या हे आता कुणीही सांगू शकणार नाही. ती चूक आमच्या घराची आहे, ती मी लपवत नाही.

नाव का लिहीत नाही ते आता सांगतो. ठेकेदारापेक्षाही पांढरीचा मोठा वैरी म्हणजे गुप्तधनवाला. अमावास्येच्या रात्री लिंबू-नारळ घेऊन येतो, मारुतीखाली खणतो, वीरगळ उलथतो. मिळत काही नाही. ज्या गावाने भाकरीसाठी घर सोडले ते हंडा पुरून ठेवील कुठला? आणि काही मिळालेच तर कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. खरे धन त्या पाच रेघांत आहे, आणि ते विकता येत नाही, फक्त मोडता येते.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अशा पांढरी आहेत. तुमच्याही शिवारात असेल. तिला कुठली पाटी नसते, कुंपण नसते. भ्रमणध्वनीवरच्या नकाशात वरून पाहिले तर काळ्या रानात फिकट डाग दिसतो, तीच ती. एवढेच करा : घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला तिचे नाव विचारा आणि ते लिहून ठेवा. कुणाची कुळे तिथून आली, तिथला मारुती कुणाचा, जत्रा कुणाची, तेही विचारा. मातीची गरज पडली तर फावड्याने कडेची घ्या, पोटातली काढू नका.

जात्याची ती तळी वहिनीने मारुतीच्या भिंतीत नेऊन ठेवली आहे. गेल्या येळवसीला दादाची लेक सासरहून आली होती, कडेवर तिचा मुलगा. खोपीत नैवेद्य झाला तशी तिने कुणी न सांगता तांब्यात आंबिल घेतले. पोराच्या हाती पणती दिली आणि त्याला वाऱ्याकडे पाठ करायला शिकवत पांढर चढू लागली. पोराने विचारले, तिथे कोण राहते?

तिने काय सांगितले ते मला लांबून ऐकू आले नाही. मारुतीपुढे मात्र पणती लागलेली दिसली, आणि मग आम्ही जेवायला बसलो.